राजाने राखून ठेवलेलं हसू

एका राज्यात घरोघरी तुळईला एक काशाची थाळी टांगलेली असे. ती जेवायची नव्हे. घरात मूल जन्माला आलं की ती टांगायची, आणि मूल जे जे पहिल्यांदा करील त्यावर बापाने ती वाजवायची, अशी तिथली रीत. मूल हसलं, थाळी. पालथं पडलं, थाळी. बसलं, रांगलं, उभं राहिलं, पाऊल टाकलं, बोललं, थाळी. थाळी वाजली की आळी गोळा व्हायची, गूळ वाटला जायचा, आणि मग ते मूल खरोखर हसलं असं धरलं जायचं. त्याआधी नाही.

आता बाप काय दिवसभर पाळण्याशी बसून असतो होय? तो शेतात, बाजारात, नाहीतर राजाच्या चाकरीत. आणि मूल काही त्याची वाट बघत थांबत नाही. म्हणून तिथल्या बायकांनी एक सोय करून ठेवली होती. मूल दुपारी हसलं तर आई ओठ मिटून गप्प राही. संध्याकाळी नवऱ्याला पाय धुवायला पाणी देई आणि सांगे, "बाळ अजून हसलं नाही हो." मग बाप पाळण्यावर वाके, मूल हसे, थाळी वाजे, आणि पहिलं हसू आपलंच असं बापाला वाटे. साऱ्या बापांना ही लबाडी ठाऊक होती. पण कुणी उघड बोलत नसे. अशा लबाडीवरच संसार चालतात, आणि त्यात काही वाईट आहे असं मला तरी वाटत नाही.

त्या राज्याचा राजा भद्रसेन याला मात्र ही लबाडी चालेना. भद्रसेन शूर होता, उदार होता, पण उष्टं त्याला जन्मात चाललं नाही. पुष्कळ नवससायासांनी केतकी राणीला मुलगा झाला. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, सोमकांत. पाळणा हलतो न हलतो तोच सीमेवरून स्वार आला. शत्रूने उत्तरेचा गड घेतला होता. राजाने चिलखत चढवलं आणि दरबारच्या मांत्रिकाला बोलावलं. त्याचं नाव कुंडलाक्ष.

"आम्ही मोहिमेवर निघालो," राजा म्हणाला. "युवराजांचं पहिलं हसू, पहिलं पाऊल, पहिला शब्द आमच्यासाठी राखून ठेवा. उष्टं हसू आम्हाला नको. आम्ही येण्याआधी ते कुणी पाहता कामा नये."

"कुणीही, महाराज?"

"कुणीही."

"राणीसाहेबांनीही?"

बाहेर घोडा खूर आपटत होता. "कुणीही," तो म्हणाला आणि गेला.

कुंडलाक्षाने मान लववली. पाळण्यावर वाकून बाळाचे तीन श्वास त्याने तीन करंड्यांत धरले, झाकणं लावली आणि त्याच पावली तोही राज्यातून चालता झाला. राणी तेव्हा बायकांना ओट्या भरून निरोप देत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही.

पहिला महिना बरा गेला. तान्ही मुलं तशीही कुठे कुणाकडे धड बघतात. मग ज्या आठवड्यात सोमकांत जन्मला त्याच आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या थाळ्या गावात वाजू लागल्या. आज तांबटांच्या आळीत, उद्या कोष्ट्यांच्या. राणी खिडकीत उभी राहून ऐके, मग पाळण्याशी येई आणि हसून बघे. बाळाचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून भिंतीवरून सरकावे तसे सरकत. ती त्याला तेल लावी, न्हाऊ घाली, धुरी देई. चिमणी दाखवी, कावळा दाखवी. गाल दुखेपर्यंत हसे. बाळ आढ्याकडे बघत पडून राही. दुपटी विरली, नवी आली, तीही विरली. बाळ बारशाच्या दिवशी होतं तेवढंच राहिलं.

सुरुवातीला बायका येऊन बसत. मग आपलं मूल राणीसमोर खिदळलं तर त्या चटकन त्याच्या तोंडावर पदर धरू लागल्या. दयेनेच धरत बिचाऱ्या, पण राणीला तो पदर फार लागे. पुढे पुढे त्या येईनाशा झाल्या. त्या मोठ्या महालात राणी आणि तिचं बाळ उरलं, आणि खरं सांगायचं तर राणी एकटीच उरली. हाक मारावी असं माणूस जवळ आहे आणि हाकेला ओ येत नाही, याच्याइतकं एकटं दुसरं काही नसेल.

तिने छावणीत स्वार पाठवला. निरोप असा: "युवराज अजून हसले नाहीत."

राजाने निरोप ऐकला आणि त्याचं मुख उजळलं. भोवतीचे सरदार मिशीत हसले. प्रत्येकाच्या घरून असाच निरोप आलेला होता. "राणीसाहेब रीत चोख पाळतात," एक म्हातारा सरदार म्हणाला. राजाने मनात म्हटलं, रीत कसली, आमच्या मांत्रिकाने शब्द पाळला. त्याने स्वाराच्या हातात सोन्याचं कडं घातलं.

पुन्हा निरोप आला, "युवराज अजून पालथे पडले नाहीत." पुन्हा आला, "अजून बसले नाहीत." मोहीम लांबत गेली, एका गडाचे तीन गड झाले, आणि निरोप येत राहिले. एकदा राजाने उलट निरोप धाडला: "छान. आम्ही येईपर्यंत असंच असू दे."

तो ऐकून राणी पाळण्याशी खाली बसली आणि मोठ्याने रडली. बाळाने मान वळवली नाही.

जिंकून परतला तेव्हा राजाच्या दाढीत पांढरे केस होते. घोड्यावरून उतरला तो पाय न धुता थेट आतल्या दालनात गेला. जाता जाता त्याने तुळईची थाळी काढून हातात घेतली. पाळण्यावर वाकला. "युवराज, आम्ही आलो!" बाळाचे डोळे उघडे होते. ते राजाच्या मुकुटावरून गेले, कानावरून गेले आणि आढ्याला लागले. राजाने थाळी वाजवली. महाल दणाणला. बाळाची पापणीही लवली नाही.

"हे एवढंच कसं?" राजा म्हणाला. "याच्या बरोबरीची मुलं वेशीवर वासरं राखताना पाहिली आम्ही."

"असंच असू दे म्हणालात ना, महाराज," राणी म्हणाली.

"आम्हाला वाटलं, तुम्ही रीत पाळता."

"मी रीत पाळत नव्हते. खरं सांगत होते."

मग राजाने मांत्रिकाला दिलेली आज्ञा तिला सांगितली. बाळाला उचलून ती दुसऱ्या दालनात गेली आणि दार लावून घेतलं.

महालामागच्या माळावर एक टिटवी राहत असे. तिला बोलता येतं हे साऱ्या राज्याला माहीत होतं, पण ती फटकळ असल्याने तिला कुणी काही विचारायला जात नसे. राजा मात्र गेला.

"आम्ही राखून ठेवायला सांगितलेलं कुठे आहे?" त्याने विचारलं.

"तीन करंड्यांत. पहिला कोरड्या तळ्यात, दुसरा निसरड्या डोंगरावर, तिसरा कुंडलाक्षाच्या मांडीवर," टिटवी म्हणाली. "ज्याने ठेवायला सांगितले त्यानेच उघडायचे, आणि जिथे आहेत तिथेच उघडायचे. आतलं निघेल ते सरळ पोराकडे जाईल. पोर हसेल, राजा. पण तू तिथे नसशील."

"आणि उशीर केला तर?"

"अंडं फार काळ उबेवाचून राहिलं की आत काही उरत नाही. हे मी ऐकलेलं सांगत नाही, मला ठाऊक आहे. निघ आता."

राजाने मुकुट खुंटीला लावला आणि एकटा निघाला.

कोरड्या तळ्याच्या तळाशी दगडाचं एक तान्हं मूल उताणं पडलं होतं. त्याच्या मिटल्या मुठीत करंडा. राजाने मूठ उघडायला जोर केला, ती आणखी घट्ट झाली. खालच्या शिळेवर कोरलेलं होतं: हसव. राजा दरबारात हसतो तसं हसला. काही झालं नाही. त्याने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि जीभ काढून दाखवली. गाल फुगवले. मांजराचा आवाज काढला, बोकडाचा काढला. ऊन गेलं, पाऊस येऊन गेला, तळ्यात गुडघाभर पाणी साठून आटलं. दगड तो दगडच. एके दिवशी राजा चिडला. "अरे, एवढा मोठा राजा तुझ्यासमोर नाचतो आहे, आणि तू!" तो ओरडला. त्याच क्षणी त्याला केतकी राणी आठवली. ती इतकी वर्षं हेच करत होती, आणि तिच्यासमोर दगड नव्हता, तिचं मूल होतं. राजा तिथे चिखलात बसून रडला. रडून झाल्यावर त्याने नाक पुसलं आणि पुन्हा त्या दगडाकडे बघून हसला, करंड्यासाठी नव्हे, बिचारं इतकी वर्षं इथे एकटं पडलं आहे म्हणून. मूठ सुटली.

झाकण उघडताच कानाजवळून ऊबदार वारा गेला. राजाने वळून पाहिलं, तोवर तो गेलाही होता.

पुढच्या मुक्कामी टिटवीने गाठलं. "हसला," ती म्हणाली.

"कुणाकडे बघून?"

"आईकडे. ती दुपटं झटकत होती. ते फटकन वाजलं आणि तो हसला. तिने पुन्हा झटकलं, तो पुन्हा हसला. दिवेलागणीपर्यंत ती दुपटंच झटकत होती."

"थाळी कुणी वाजवली?"

"कुणी नाही. तिच्या लक्षातही आलं नाही."

राजाने ते सगळं तिच्याकडून पुन्हा सांगवून घेतलं, आणि मग तो पुढे निघाला.

निसरड्या डोंगरावर गवताचं पातं नव्हतं. उभ्याने जो चढे त्याला डोंगर खाली टाकी. भद्रसेन जन्मात कुणासमोर पडला नव्हता. आता पडला. काठी घेतली, काठीसकट पडला. धावत गेला, जोरात पडला. शेवटी पालथा पडून त्याने मान वर केली, कोपरं टेकली, मग गुडघे, आणि रांगू लागला. रांगणाऱ्याला डोंगर काही करत नव्हता. माथ्यावर करंडा एका उंच खांबावर होता. धरायला काही नाही. राजा पाय फाकवून, हात पसरून, डुलत डुलत उभा राहिला आणि त्याने झाकण काढलं.

आतून एकच वारा निघाला नाही. एकामागून एक लहान लहान झुळका निघाल्या, आणि पहिली दूर गेल्याशिवाय दुसरी हलेना. राजाने पाऊल तेवढं मागितलं होतं, पण पाऊल काही एकटं येत नाही. त्याच्या आधीचं सगळं त्याच्याबरोबर अडकून पडलं होतं.

तिसऱ्या करंड्याची वाट फार लांबची. टिटवी अधूनमधून येई आणि सांगे.

"पालथा पडला. हात अंगाखाली अडकला, आणि राणीने तो काढून दिला नाही. श्वास धरून बघत राहिली. त्याचा त्याने काढला."

"बसला. मग कलंडला."

"रांगतो. पण मागे मागेच जातो. खुळखुळ्याकडे निघतो, खुळखुळा लांब राहतो, आणि मग रागाने रडतो."

एकदा राजा एका ओढ्याशी भाकरी खात होता तेव्हा ती आली आणि म्हणाली, "आज पाऊल टाकलं. पलंगाचा खूर सोडून राणीच्या गुडघ्यापर्यंत आला."

राजाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आमच्याबद्दल कुणी काही बोललं?"

"नाही," टिटवी म्हणाली. गोड बोलणं तिला जमत नसे.

कुंडलाक्ष एका ओसाड खोऱ्यात बसला होता. मांडीवर तिसरा करंडा.

"तू आमच्या वंशाला शाप दिलास," राजा म्हणाला.

"मी शाप दिला नाही, महाराज. आज्ञा पाळली. मी तर दोनदा विचारलंही होतं." त्याने करंडा पुढे केला. "आपण सेवेचं मोल जाणता, म्हणून एक सवलत देतो. हा मिटलेलाच घरी न्या. बाळासमोर उघडा. पहिला शब्द आपल्याच कानी पडेल. कदाचित आपल्यालाच हाक मारील."

"आणि तोवर?"

"तोवर बाळ मुकं राहील. वाट लांब आहे खरी. वेळेत पोचलात तर ठीक."

राजाने करंडा घेतला. तो कोमट होता, आणि आत काहीतरी धडपडत होतं. तो छातीशी धरून राजा परत फिरला. होय, फिरला. त्याला दोष द्यायला सोपं आहे. इतकं सारं हातचं गेल्यावर एक तरी आपल्या वाट्याला यावं असं कुणाला वाटणार नाही?

तो चालत राहिला. एका बाभळीखाली टिटवी उतरली.

"कसा आहे?" राजाने विचारलं.

"राणीचा पदर ओढतो. तोंड उघडतो. काहीतरी सांगायचं असतं, पण आवाज येत नाही. ती हे देते, ते देते, त्याला ते नको असतं. मग तो डोकं आपटतो. संध्याकाळी दोघंही रडून झोपतात."

राजा खाली बसला. त्याने करंडा कानाला लावला. आतला शब्द कोणता ते कळत नव्हतं. दोन अक्षरं असावीत असं वाटलं, आणि मन म्हणालं, दोनच अक्षरं, बाबा. त्याने डोळे मिटले आणि झाकण काढलं. भर दुपारी, त्या बाभळीखाली, पहिला शब्द त्याच्या हातातून निघून गेला.

"जा," तो टिटवीला म्हणाला. "ऐकून ये."

ती परत आली तेव्हा राजा तिथेच होता.

"राणीने ती थाळी पुन्हा तुळईला टांगलीच नाही. तीत दूधभात कालवते," टिटवी म्हणाली. "तिने घास पुढे केला. तो म्हणाला, नको."

"नको?"

"नको. राणी हसली, मग रडली, मग पुन्हा घास पुढे केला, मुद्दाम. तो पुन्हा म्हणाला, नको."

राजा हसत सुटला. पोटात कळ येईपर्यंत हसला. मग हसू ओसरलं, आणि तो शब्द ज्याला सांगावा असं तिथे कुणी नव्हतं. वारा बाभळीतून जात होता. राजाने डोळे पुसले आणि घरची वाट धरली.

घरी पोचला तेव्हा अंगणात एक मूल स्वयंपाकघरातला लाकडी डाव ओढत चाललं होतं. अंगापिंडाने भरलेलं, गुडघ्यांवर खरचटलेलं. राजाला पाहून ते थांबलं. धुळीने माखलेला तो दाढीवाला माणूस त्याने वरपासून खालपर्यंत पाहिला. ओठ थरथरले, डाव हातातून सुटला, आणि ते किंचाळत राणीकडे धावलं. तिच्या पदरात तोंड खुपसून रडू लागलं.

राजा होता तिथेच उभा राहिला.

"आपलं कोण, परकं कोण, हे कळू लागलं आहे त्याला," राणी म्हणाली. तिने हे टोचून म्हटलं नाही. मुलं एका वयात असं करतातच.

"आणि आम्ही परके."

"सध्या," राणी म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

शाप उतरला होता. राज्याचा कारभार पुन्हा सुरळीत सुरू झाला. तान्हं मूल घरी असलेल्या सैनिकाला मोहिमेवर न्यायचं नाही, असं राजाने ठरवून टाकलं. म्हाताऱ्या सरदारांनी नाकं मुरडली, तरुणांनी घोड्यांना टाच मारून घरं गाठली. रोज दरबार आटोपला की राजा अंगणाच्या टोकाला पायरीवर येऊन बसे. हाक मारत नसे, हात पुढे करत नसे. मूल लांबून बघे आणि आपल्या खेळाला लागे. पुढे पुढे ते रडेनासं झालं. राणी कामापुरतं बोले. राजा तिला एकदा म्हणाला, "आमचं चुकलं." ती म्हणाली, "हो." त्याहून जास्त तिने काही दिलं नाही, आणि का द्यावं?

पुष्कळ दिवस असे गेले. एवढा मोठा महाल, एवढी माणसं, आणि राजाशी खरं बोलायला कुणी नाही. तो पायरीवर बसून बोटांनी दगडातली माती उकरत राही.

एका सकाळी मूल भिंतीशी उकिडवं बसलं होतं. बराच वेळ हललं नाही. मग ते उठलं, त्याने एक हात लांब केला, चार बोटं मिटली आणि एक बोट भिंतीच्या बुडाशी रोखलं. मग मान वळवून राजाकडे पाहिलं. पुन्हा बोट. पुन्हा राजाकडे नजर. बघतो आहेस ना, असं विचारणारी.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. ते त्यालाच दाखवत होतं.

राजाने जे राखून ठेवायला सांगितलं होतं त्यात हे नव्हतं. असं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून ते मागायचं राहून गेलं होतं. तो हळूच पायरीवरून उतरला आणि मुलाच्या शेजारी उकिडवा बसला. भिंतीच्या फटीतून मुंग्या निघाल्या होत्या. तांदळाची कणी ओढत होत्या, ती निसटत होती, त्या पुन्हा धरत होत्या.

"मुंगी," राजा म्हणाला.

मुलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ते मुंग्या बघत होतं. पण बघता बघता तोल गेला तेव्हा त्याने राजाच्या गुडघ्यावर हात टेकला, आणि तो तिथेच राहू दिला.

जसं भद्रसेनाला कुणी बोट करून दाखवलं, तसं साऱ्या एकट्या माणसांना कुणीतरी दाखवो.